हिरोशिमा पुन्हा वसलं, मग किरणोत्सर्ग गेला कुठे?

मृण्मयी_ज | सोमवार, रात्री ९:१२

मी शाळेत विज्ञान शिकवते. परवा केंद्रकीय विखंडनाचा, म्हणजे अणूचं केंद्रक फुटण्याचा, धडा संपला, मी फळा पुसत होते आणि मागच्या बाकावरून एका मुलीचा प्रश्न आला, "बाई, बॉम्ब हिरोशिमावर पडला, तरी तिथे लोक राहतात. चेर्नोबिलला बॉम्ब पडलाच नव्हता, आणि तिथे कुणी राहत नाही. हे उलटं कसं?"

"तिथे अणुभट्टी होती, इथे बॉम्ब होता," असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. ती "हो बाई" म्हणाली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं हे दिसत होतं. खरं तर माझंही झालं नव्हतं. "अणुबॉम्ब पडला की जमीन हजारो वर्षं नापीक होते" हे वाक्य मी इतकी वर्षं वर्गात बेधडक म्हणत आले आहे. ते खरं असेल तर आजचं हिरोशिमा असायलाच नको.

बॉम्बचा किरणोत्सर्ग नेमका किती काळ टिकतो, तो शरीरात काय करतो, आणि चौदा वर्षांच्या मुलांना हे कसं सांगायचं? त्यांना घाबरवायचं नाही आणि हलकं करूनही सांगायचं नाही. जाणकारांनी लिहा. पुढच्या सोमवारी मला वर्गात उत्तर द्यायचं आहे.

कणाद२३५ | सोमवार, रात्री ९:५८

तुमच्या विद्यार्थिनीला शाबासकी द्या, प्रश्न एकदम मुळाला हात घालणारा आहे.

पहिला फरक इंधनाच्या प्रमाणाचा. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं, पण त्यातल्या १ किलोपेक्षाही कमी युरेनियमचं विखंडन झालं. शहर उद्ध्वस्त करायला तेवढं पुरलं. किरणोत्सर्गी राख मात्र विखंडन झालं तेवढ्याचीच. चेर्नोबिलच्या भट्टीत सुमारे १९० टन इंधन होतं, त्यात दोन-अडीच वर्षांची राख साठलेली होती. १९८६ च्या अपघातात ती भट्टी उघडी पडली आणि जवळपास दहा दिवस धुमसत राहिली.

दुसरा फरक उंचीचा, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ८:१५ वाजता बॉम्ब फुटला तो जमिनीपासून सुमारे ६०० मीटर वर. धक्क्याची लाट जास्तीत जास्त घरं पाडेल अशी ती उंची निवडलेली होती. आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही, त्यामुळे माती त्यात ओढली गेली नाही. विखंडनातून झालेले बहुतेक पदार्थ वाफ होऊन ढगाबरोबर वर गेले आणि पांगले. काही भाग काळ्या पावसातून खाली आला, तोही शहराच्या वायव्येला जास्त.

राहिली ती न्यूट्रॉनच्या माऱ्याने जमिनीतच तयार झालेली किरणोत्सर्गी मूलद्रव्यं. त्यातल्या मॅंगनीज-५६ चं अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ, अडीच तासांच्या आसपास, सोडियम-२४ चं १५ तास. पहिल्या दिवशी नातेवाईक शोधायला स्फोटाच्या जागेजवळ गेलेल्यांना त्याचा त्रास झाला. महिन्याभराने गेलेल्यांसाठी जवळपास काही उरलं नव्हतं.

तेव्हा "हजारो वर्षं" हे वाक्य हिरोशिमापुरतं तरी मागे घ्या.

सायंतारा | सोमवार, रात्री १०:२०

इतकं सोपं करून सांगितलंत, धन्यवाद. वाचतेय.

सरळरेषा | सोमवार, रात्री ११:०५

कणाद, चांगलं लिहिलंत. मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की किरणोत्सर्गाची भीती प्रमाणाबाहेर वाढवली गेली आहे. बॉम्बच्या ऊर्जेचा साधारण निम्मा भाग धक्क्यात, एक तृतीयांशाहून थोडा जास्त उष्णतेत आणि किरणोत्सर्गात जेमतेम १५ टक्के जातो. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्या लोकांचा अभ्यास जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक. सुमारे ८६ हजार लोक. १९५० ते २००० या काळात त्यांच्यात गाठींच्या (म्हणजे रक्ताचा सोडून बाकीच्या) कर्करोगाने सुमारे १० हजार मृत्यू झाले. त्यात किरणोत्सर्गामुळे जास्तीचे किती? सुमारे ५००. एकही मृत्यू क्षुल्लक नाही, पण लोकांच्या डोक्यात जे चित्र आहे त्याच्याशी हा आकडा जुळतो का? या भीतीपायी लोक एक्स-रे काढायलाही कचरतात. मुलांना आकडे सांगा, भुतं नकोत.

पाऊलवाट_ | मंगळवार, सकाळी ७:३०

सरळरेषा, आकडा बरोबर आहे, पण तो कुणाचा आहे हेही सांगायला हवं. त्या अभ्यासातली माणसं म्हणजे १ ऑक्टोबर १९५० ला जिवंत असलेली. आधीच्या पाच वर्षांत जे गेले ते त्या यादीत नाहीतच. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसं गेल्याचे अंदाज आहेत. त्यातली कितीतरी भाजली नव्हती, ढिगाऱ्याखाली सापडली नव्हती. दोन-तीन आठवडे चालती-बोलती होती. मग केस मूठभर गळू लागले, हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर जांभळे ठिपके उठले, ताप चढला. रक्ताचे जुलाब बघून डॉक्टरांना आधी आमांश वाटला. शहरातले सुमारे ९० टक्के डॉक्टर स्वतःच मेलेले किंवा जखमी होते. काय चाललंय हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं. रेड क्रॉस रुग्णालयात ठेवलेल्या कोऱ्या एक्स-रे फिल्म काळ्या पडलेल्या निघाल्या, हीच पहिल्या खुणांपैकी एक.

मी हिरोशिमाचं संग्रहालय पाहिलं आहे. बँकेच्या दारातली दगडी पायरी तिथे आणून ठेवलीय. बॉम्ब पडला तेव्हा तिच्यावर कुणीतरी बसलं होतं, तेवढी जागा काळसर राहिली, भोवतालचा दगड उष्णतेने पांढरा झाला. लोक तिच्यासमोर थांबतात. मी मात्र जास्त वेळ थांबले ती सादाको सासाकी या मुलीच्या कागदी पक्ष्यांपाशी. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, अंगावर ओरखडाही नव्हता. शाळेत धावण्याच्या चमूत होती. १९५४ च्या शेवटी मानेवर गाठी आल्या, २५ ऑक्टोबर १९५५ ला ती रक्ताच्या कर्करोगाने गेली, बारा वर्षांची. औषधाच्या पुड्यांच्या कागदाचे तिने घडवलेले क्रौंच तिथे आहेत. काही इतके बारीक की ते सुईने दुमडले असावेत असं वाटतं. ती तुमच्या ८६ हजारांत बसत असेल. पण तिला "जास्तीचा मृत्यू" म्हणताना माझी जीभ अडते.

सरळरेषा | मंगळवार, सकाळी ९:४५

पाऊलवाट, १९५० चा मुद्दा मान्य. तो माझ्या प्रतिसादात यायला हवा होता.

एक खरी शंका आहे, कुणी सांगेल का? ४ ते ५ ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचं माप) मात्रेत माणूस मरतो म्हणतात. कर्करोगावरच्या रेडिओथेरपीत तर ६० ग्रे देतात आणि रुग्ण बरा होऊन घरी जातो. हे कसं?

वैशाखी_र | मंगळवार, दुपारी १:१५

हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मी रेडिओथेरपी विभागात काम करते, छातीला टीएलडी बॅज (आपल्याला किती किरण लागले ते मोजणारा बिल्ला) लावल्याशिवाय आत जात नाही.

६० ग्रे देतो ते गाठीएवढ्या जागेत, आणि रोज २ ग्रे असे सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून. मधल्या वेळात आजूबाजूच्या निरोगी पेशी स्वतःची दुरुस्ती करून घेतात. बॉम्बची मात्रा क्षणात मिळते आणि डोक्यापासून पायापर्यंत मिळते. रक्त तयार करणारी सगळी अस्थिमज्जा एकदम सापडते. उपचार न मिळाल्यास ४ ग्रेच्या आसपास निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात.

आता गंमत नाही पण नवल वाटेल असं काही. ४ ग्रे म्हणजे शरीराच्या दर किलोमागे ४ ज्यूल. सत्तर किलोच्या माणसाला मिळालेली सगळी ऊर्जा २८० ज्यूल. चमचाभर गरम पाणी प्यायलं तरी तेवढी उष्णता अंगात जाते. शरीराचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढंच वाढेल. तरीही माणूस मरतो, कारण ही ऊर्जा उष्णतेसारखी पसरत नाही, ती नेमक्या जागी ठोसे मारते. डीएनएच्या दोन्ही दोऱ्या एकाच ठिकाणी तुटल्या की पेशीला त्या नीट जोडता येत नाहीत. सतत विभागणाऱ्या पेशी सगळ्यांत आधी पडतात. मज्जेतल्या मूळ पेशी, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं. पाऊलवाट यांनी लिहिलेली लक्षणं अगदी याच पेशींशी जुळतात. रक्तात आधीच फिरत असलेल्या पेशी काही दिवस काम करतात, म्हणून माणूस बरा वाटतो. त्या संपल्या की मागून नव्या येत नाहीत.

मृण्मयीताई, चमचाभर पाण्याचं उदाहरण वर्गात नक्की द्या.

उंबरा | मंगळवार, रात्री ८:४०

थोडं अवांतर, पण राहवत नाही.

माझ्या आईला थायरॉईडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ दिलं होतं. शिशाच्या जाड डब्यातून कॅप्सूल आली. देणारा तंत्रज्ञ ती तिच्या हाती ठेवून लगेच मागे सरला. मग तीन दिवस ती एकटी खोलीत. ताट दाराशी ठेवलं जायचं. रोज सकाळी एक जण मीटर घेऊन येई, ठरलेल्या अंतरावर उभा राहून आकडा वहीत लिही आणि निघून जाई. आम्ही फोनवर बोलायचो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला कुणी घाबरू नये एवढंच वाटतंय." घरी आल्यावरही नातीला काही दिवस जवळ घ्यायचं नाही असं सांगितलं होतं. नात दाराच्या चौकटीत बसून तिच्याशी बोलायची.

आई बरी झाली. आज ठणठणीत आहे. त्याच आयोडीनने चेर्नोबिलनंतर मुलांना आजारी केलं हे मला नंतर वाचून कळलं. गवतावर पडलं, गाईंनी खाल्लं, दुधातून मुलांच्या गळ्यात गेलं. थायरॉईड आयोडीन ओढून घेते, ते किरणोत्सर्गी आहे की साधं हे तिला कळत नाही. अर्धायुष्य फक्त ८ दिवसांचं. थोडे आठवडे ते दूध पाजलं नसतं तर बरीच मुलं वाचली असती. पोलंडने तेव्हा १ कोटीहून जास्त मुलांना साधं आयोडीन पाजलं, म्हणजे ग्रंथी आधीच भरलेली राहील.

सायंतारा | मंगळवार, रात्री ९:०२

उंबरा, चौकटीत बसलेली नात डोळ्यांसमोरून हलत नाहीये. आईंना नमस्कार सांगा.

म्हणजे आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवल्या तर बॉम्बपासून वाचता येईल का?

वैशाखी_र | मंगळवार, रात्री ९:३०

सायंतारा, नाही. त्या गोळ्या फक्त थायरॉईडला आणि फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवतात. बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांवर किंवा सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सर्गी पदार्थांवर त्यांचा काही उपयोग नाही. डॉक्टरांनी किंवा सरकारने सांगितल्याशिवाय घेऊही नयेत.

आणि उंबरा यांच्या आईंच्या वाक्यावरून एक गोष्ट सगळ्यांसाठी. किरण लागलेला माणूस आणि किरणोत्सर्गी धूळ अंगावर किंवा पोटात असलेला माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्स-रे काढलेला माणूस किरण बाहेर टाकत नाही, तसंच बॉम्बचे किरण लागलेला माणूसही दुसऱ्याला आजारी करत नाही. धूळ असेल तर कपडे उतरवून आंघोळ घातली की बहुतेक निघून जाते. हे माहीत नसल्याने माणसं माणसांपासून दूर पळाली.

पाऊलवाट_ | मंगळवार, रात्री १०:१५

वैशाखी, अगदी. जपानमध्ये बॉम्बमधून वाचलेल्यांना हिबाकुशा म्हणतात. हा रोग लागतो, यांची मुलं व्यंग घेऊन जन्मतील, या समजापायी त्यांची लग्नं मोडली, नोकऱ्या मिळेनात. कित्येकांनी आपण त्या दिवशी तिथे होतो हे मुलांपासूनही लपवलं. १९५२ पर्यंत अमेरिकेचा ताबा होता, त्यातली बरीच वर्षं वर्तमानपत्रांत या दुखण्यांबद्दल मोकळेपणाने छापताही येत नव्हतं.

स्फोटानंतर गर्भ राहून जन्मलेल्या सत्तर हजारांवर मुलांचा अभ्यास झाला. त्यांच्यात आनुवंशिक दोषांची वाढ दिसली नाही. पोटात असतानाच किरण लागलेली बाळं वेगळी. विशेषतः ८ ते १५ आठवड्यांच्या गर्भात मेंदूची वाढ खुंटली. हा फरक लोकांना वेळेवर कळला असता तर कितीतरी मुलींचे संसार उभे राहिले असते. २०२४ चं शांततेचं नोबेल हिबाकुशांच्या निहोन हिदान्क्यो या संघटनेला मिळालं तेव्हा मी रडले होते.

धुळाक्षर | बुधवार, सकाळी ६:५०

सगळा धागा एका बैठकीत वाचला. पण सगळे हिरोशिमावर थांबलेत आणि तिथेच गफलत होतेय. हिरोशिमाचा बॉम्ब हवेत फुटला. जमिनीवर फुटला तर काय होतं याचंही उत्तर जगाकडे आहे.

१ मार्च १९५४, पॅसिफिक महासागरातलं बिकिनी बेट. कॅसल ब्राव्हो नावाची हायड्रोजन बॉम्बची चाचणी, जमिनीलगत. अंदाज सुमारे ६ मेगाटनांचा होता, निघाले १५. बॉम्बच्या इंधनातलं लिथियम-७ स्फोटात भाग न घेता स्वस्थ बसेल असं शास्त्रज्ञांना वाटलं होतं, ते बसलं नाही. हिरोशिमाच्या हजारपट. प्रवाळाचा चुरा होऊन ढगात गेला, किरणोत्सर्गी झाला आणि दीडशेएक किलोमीटरवरच्या रोंगेलॅप बेटावर पांढरी भुकटी होऊन पडला. मुलं तिच्यात खेळली. केसांत, घामावर, पिण्याच्या पाण्यात ती भुकटी गेली. संध्याकाळपासून उलट्या आणि अंगाची आग. अमेरिकन जहाज त्यांना न्यायला दोन दिवसांनी आलं.

त्याच भुकटीत जपानी मच्छीमारांची बोट सापडली, 'दाइगो फुकुर्यू मारू'. ती जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. २३ खलाशी होते, त्यांचा रेडिओचालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ ला गेला.

सरळरेषा, तुमच्या १५ टक्क्यांतला जो भाग स्फोटानंतर राखेतून येत राहतो, तो हवेतल्या स्फोटाच्या वेळी आकाशात पांगतो. जमिनीवरच्या स्फोटात त्यातला मोठा हिस्सा वाऱ्याच्या दिशेने लोकांच्या डोक्यावर येतो.

कणाद२३५ | बुधवार, सकाळी ८:१०

धुळाक्षर, बरोबर. माझ्या प्रतिसादात ही बाजू राहून गेली होती.

भर घालतो. स्फोटाची ताजी धूळ फार वेगाने शांत होते. ढोबळ नियम असा की वेळ सातपट झाला की किरणांचा जोर दहापट उतरतो. तासाभराने १०० असेल तर ७ तासांनी १०, साधारण दोन दिवसांनी १, दोन आठवड्यांनी एक दशांश. म्हणून पहिले २४ ते ४८ तास जाड भिंतींच्या आड, इमारतीच्या मध्यभागी किंवा तळघरात थांबणं हा सर्वांत मोठा उपाय आहे. गाडी काढून पळत सुटणारा माणूस सर्वांत वाईट वेळी उघड्यावर असतो. रोंगेलॅपची माणसं नेमके तेच दोन दिवस भुकटीत होती.

गवताचं_पातं | बुधवार, सकाळी ११:२५

मला हे "भिंतीआड थांबा" वाचून राग येतो. कणाद, तुमच्यावर नाही. जगात आज सुमारे १२ हजार अण्वस्त्रं आहेत. शहर जळत असताना कुणाचं तळघर आणि कुणाची भिंत? असल्या सूचनांनी लोकांना वाटतं की यातून तरून जाता येईल, आणि मग शस्त्रं ठेवणाऱ्यांना कुणी जाब विचारत नाही.

कणाद२३५ | बुधवार, दुपारी १२:४०

तुमचा राग मला पटतो. पण शहराच्या मधोमध असलेल्यांना वाचवणं कुणाच्याच हातात नाही, आणि वीस-तीस किलोमीटरवर वाऱ्याच्या दिशेने राहणारं कुटुंब वाचू शकतं. त्यांना ही माहिती न देणं मला चुकीचं वाटतं. जाब विचारायचा तो विचारूच.

वैशाखी_र | बुधवार, रात्री ९:००

गवताचं_पातं, जाब विचारला गेला आणि फरक पडला याचं एक उदाहरण. पन्नाशीच्या दशकातल्या चाचण्यांचं स्ट्रॉन्शियम-९० जगभर पडलं. ते कॅल्शियमसारखं वागतं, हाडांत आणि दातांत बसतं. अमेरिकेत सेंट लुईस शहरात डॉक्टर आणि आयांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, लाखोंच्या संख्येने. नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम कितीतरी पट जास्त निघालं. १९६३ च्या करारानंतर अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटनने हवेतल्या चाचण्या थांबवल्या, त्यामागच्या दबावात या दातांचाही वाटा होता.

मृण्मयी_ज | पुढच्या सोमवारी, रात्री ८:०५

आज तास झाला. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू!

आधी मी माझं जुनं वाक्य मागे घेतलं. "मी तुम्हाला चुकीचं सांगत होते," असं म्हटल्यावर वर्ग एकदम शांत झाला. मग १ किलो विरुद्ध १९० टन, हवेतला स्फोट, अर्धायुष्यं. सातपट-दहापटचा नियम मुलांनी स्वतः फळ्यावर मांडला. चमचाभर पाण्याचं ऐकून एका मुलाने तीन वेळा गणित करून पाहिलं. सादाकोबद्दल सांगताना माझाच आवाज बसला.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "बाई, मग रोंगेलॅपची मुलं परत घरी गेली का?" मला माहीत नव्हतं. उद्या सांगते म्हणाले. धुळाक्षर, आहात का?

धुळाक्षर | पुढच्या सोमवारी, रात्री ९:३५

आहे.

गेली. १९५७ साली बेट सुरक्षित आहे असं सांगून त्यांना परत नेलं. जमीन तीच, नारळ-मासे तेच, आणि त्यात सीझियम-१३७. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांच्या आत असलेल्या बहुतेक मुलांना पुढे थायरॉईडच्या गाठी झाल्या. तेव्हा एक वर्षाचा असलेला मुलगा १९७२ साली रक्ताच्या कर्करोगाने गेला, एकोणीस वर्षांचा.

१९८५ साली बेटावरच्या लोकांनी आपणहून गाव सोडायचं ठरवलं. सरकारने नेलं नाही म्हणून ग्रीनपीसच्या 'रेनबो वॉरियर' जहाजाने त्यांना दुसऱ्या बेटावर नेलं. सुमारे तीनशे माणसं, बऱ्याच खेपा. त्यांनी घरं उकलली, फळ्या आणि पत्रे मोजून बांधले आणि तेही बरोबर नेले.

तिचा पहिला प्रश्न होता ना, बॉम्ब पडला तिथे लोक राहतात कसे? तिला हिरोशिमाशेजारी नकाशात रोंगेलॅप दाखवा.

मृण्मयी_ज | पुढच्या सोमवारी, रात्री ९:५०

उद्या नकाशा घेऊनच जाते.